नाव पाण्यात उतरविण्याची विद्या

आम्हां ढीवर-भोई ज्ञातिबांधवांस नाव वल्हविण्याची विद्या कोणी शिकवावी लागत नाही. तथापि नाव पाण्यात उतरविणे व ती पुन्हा काठावर घेणे ही तितक्याच मोलाची विद्या असून, तिचा इतिहास नव्या पिढीपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. या जलमार्गाने वऱ्हाड-वर्ध्याकडील कापूस थेट समुद्रापर्यंत न्यावा, ही सर आर्थर कॉटन यांची योजना. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) इंग्लंडच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला, तेव्हा योजनेस जोर चढला. परंतु वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेम येथे, दुसरा एंचमपल्ली येथे व तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. जड नौका खडकांवरून काढता येईना. माल उतरावा, जमिनीवरून वाहावा व पलीकडे पुन्हा भरावा, हा खटाटोप परवडणारा नव्हता. आणि कालवे खोदण्यास अपार द्रव्य लागत होते. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली आणि १८७१ साली हे काम थांबविण्यात आले. १८७४ साली सिरोंचाचा अप्पर गोदावरी जिल्हाही मोडला.

सरकारी नौका जेथे अडली तेथे आपल्या पूर्वजांचा डोंगा अडला नाही, याचे कारण तो पाण्याबाहेर काढता येत असे. एका बुंध्यातून कोरलेल्या डोंग्याखाली गोल ओंडके घालावेत, पुढून दोराने ओढावे, मागे सुटलेला ओंडका उचलून पुढे ठेवावा. चिखलाचा काठ टाळून कठीण उतार निवडावा. मालगुजारी तलावांच्या पाळीवरूनही डोंगा याच युक्तीने उतरे. चार माणसांचे बळ व एकाचा हुकूम, एवढेच भांडवल लागे.

आता फायबरच्या व लोखंडी नावा आल्या असून त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून येतात. साध्या ट्रॉलीवरून नाव घसरविताना तिचा तळ खरवडतो, चाके चिखलात रुततात आणि माणसे चेंगरण्याचे भय असते. म्हणून ट्रॉलीत थोडे फेरफार करावेत. फळ्यांच्या जागी फिरते रोलर बसवावेत. हे आपले जुने ओंडकेच होत. जोडदांडा लांब ठेवावा, म्हणजे ट्रॅक्टर कोरड्या, कठीण जमिनीवर राहील. मागील भाग खाली कलता करावा. नाव वर घेण्यास हातांऐवजी दोराची चरखी लावावी. तिला खटका असावा, म्हणजे दोर उलटा सुटणार नाही. प्रवासाने तापलेली चाके निवल्यावाचून पाण्यात घालू नयेत. नाही तर बेअरिंगमध्ये पाणी शिरते.

ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला, तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील वेढलेल्या गावांतून लोकांस नावांनीच बाहेर काढावे लागले. अशा वेळी नाव पाण्यात उतरण्यास लागणारी प्रत्येक घटका कोणाच्या तरी प्राणांची असते.

यास्तव आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, गावच्या घाटावर दगडी उतार व्हावा म्हणून ग्रामपंचायतीकडे मागणी करावी, आणि ट्रॉली बनविणाऱ्या तरुणांनी लोहाराकडे जाण्यापूर्वी घरच्या वडीलधाऱ्यांस एकवार विचारावे. ओंडका कोठे ठेवावा हे त्यांस ठाऊक आहे.