कारचा स्पीकर फरफरतोय? नवीन घेण्याआधी हे तपासा

गाडीत गाणं लावलं, बेस आला आणि एका दरवाजातून फरफर ऐकू आली, की बरेच जण थेट नवी जोडी घेऊन टाकतात. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे सवय एकच: आधी बग शोधा, मग पैसे खर्च करा. स्पीकरलाही हाच नियम लागू होतो.

स्पीकरमध्ये असतं काय?

मागे मॅग्नेट, त्याच्या फटीत तारेची कॉइल, कॉइलला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन, आणि कोनाभोवती रबराची किंवा फोमची कडा. करंट आला की कॉइल पुढे-मागे हलते, सोबत कोन हलतो आणि हवेत आवाज तयार होतो. कोन किंवा कडा फाटली तर घरी जोडता येते. कॉइल जळली तर मात्र घरगुती उपाय नाही.

आधी दोषी स्पीकर शोधा

स्टिरिओच्या सेटिंगमधले बॅलन्स आणि फेडर वापरून एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवा. मोबाईलमध्ये टोन जनरेटरचं कुठलंही फ्री ॲप घ्या, ब्लूटूथने जोडा आणि कमी आवाजात ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा. फरफर आली की दरवाजाचं पॅनल हाताने दाबून धरा. आवाज थांबला तर स्पीकर ठीक आहे, पॅनलची क्लिप सैल आहे. दाराच्या कप्प्यातली नाणी आणि पाण्याची बाटलीही काढून बघा!

बाहेर काढल्यावर तीन चाचण्या

स्टिरिओ आणि इग्निशन बंद करूनच स्पीकर काढा. सुटलेल्या वायरच्या टोकांना टेप लावा, कारण ती एकमेकांना चिकटली तर ॲम्प्लिफायर खराब होऊ शकतो.

१. मल्टिमीटर: बहुतेक कार स्पीकर ४ ओहमचे असतात, त्यामुळे रीडिंग साधारण ३ ते ४ दिसायला हवं. रीडिंगच आलं नाही तर आतली तार तुटली आहे. शून्याजवळ आलं तर शॉर्ट आहे, तो स्पीकर परत जोडू नका.

२. पेन्सिल सेल: १.५ व्होल्टचा सेल टर्मिनलना क्षणभर टेकवा. 'टक्' आवाज येऊन कोन हलला तर कॉइल जिवंत आहे.

३. बोटांची चाचणी: कोन मध्याच्या दोन्ही बाजूंनी सारखा दाबा. आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा फटीत कचरा गेला आहे.

कोनाची चीर अशी जोडा

१. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा.
२. वापरलेल्या टी-बॅगचा कागद धुऊन वाळवा आणि चिरेपेक्षा चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर मोठा तुकडा कापा.
३. कोन कागदाचा असेल तर पांढरा फेव्हिकॉल चालतो. प्लॅस्टिकच्या कोनाला तो नीट धरत नाही, तिथे रबर बेसचा लवचीक गोंद घ्या.
४. पातळ थर लावून तुकडा शक्यतो मागच्या बाजूने चिकटवा. गोंद जाड झाला की कोन जड होतो आणि आवाज बदलतो.
५. चोवीस तास वाळू द्या.

फेव्हिक्विक टाळा. तो काचेसारखा कडक होतो आणि हलणारा कोन त्याच्या शेजारी पुन्हा चिरतो. रबरी कडेच्या छोट्या चिरेलाही लवचीक गोंदच लावा.

मधली गोल टोपी आत दबली असेल तर टेप चिकटवून हळूच ओढा. हा फक्त दिसण्याचा प्रश्न असतो, आवाजात फारसा फरक पडत नाही. ट्विटरच्या नाजूक घुमटाला मात्र हात लावू नका.

कधी थांबायचं?

जळका वास, घासणारी कॉइल किंवा बोट लावताच भुगा होणारी फोमची कडा दिसली की गोंदाचं काम संपलं. चांगल्या स्पीकरची कडा किंवा कॉइल दुरुस्ती करणाऱ्याकडून बदलून घेता येते. साध्या स्पीकरला नवाच परवडतो.

आणि हो, परत बसवण्याआधी दरवाजाच्या आतलं प्लॅस्टिक शीट नीट चिकटवा. पावसाळ्यात काचेवरून उतरणारं पाणी तेच अडवतं. ते फाटकं राहिलं तर तुमची मेहनत एका पावसात वाया जाईल.