पदवी एकट्यानं घेता येते का?

निकाल ऑनलाइन लागतो, गुणपत्रिका पीडीएफमध्ये येते, पदवीचा कागद पोस्टानंही मिळतो. मग झगा चढवून दोन तास भाषणं ऐकायची कशाला? आमच्या चिरनेरहून मुंबई-पनवेलच्या कॉलेजांत जाणारी पोरं हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी थोडं मागे जाऊ.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. तेव्हा मुंबईत विद्यापीठच नव्हतं. म्हणून १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली ती कॉलेजच्याच नावावर. नावापुढे अक्षरं लागली जी.जी.एम.सी., म्हणजे 'ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर'. त्यात गोव्यातल्या मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड होते, पुढे प्रार्थना समाज स्थापणारे आत्माराम पांडुरंग होते. विचार करा, या नव्या वैद्यकावर लोकांनी विश्वास का ठेवावा? कुणीतरी चारचौघांत जबाबदारी घेऊन सांगायला हवं होतं, की 'हा शिकलाय, याच्याकडे जा.' ती चार अक्षरं हेच सांगत होती.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आलं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं कॉलेजनं, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. तिथे हमी देण्याचं काम कॉलेजच्या हातून गेलं. १८६२ साली बी.ए.ची पहिली तुकडी पदवीधर झाली. चारच जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. समारंभ टाऊन हॉलमध्ये झाला, कारण विद्यापीठाला स्वतःची इमारतच नव्हती. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतला दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पुरा झाला. म्हणजे चार पोरांसाठीही लोक जमवले गेले! 'कॉन्व्होकेशन' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'एकत्र बोलावणं' असा आहे.

आता झग्याचं बघा. तो मध्ययुगीन युरोपातल्या धर्मगुरूंच्या पोशाखातून आलाय. तिकडच्या थंड दगडी इमारतींत तो उबेला बरा, आपल्या उकाड्यात घामच काढतो. काही विद्यापीठांनी तो सोडून कुर्ता-उपरणं आणलं, बिघडलं काहीच नाही. शब्दही बदलले. 'पदवीदान'मधलं 'दान' खटकायचं; कष्टानं मिळवलेल्या गोष्टीचं दान कसलं? म्हणून 'दीक्षान्त' रुळला. आपला 'स्नातक' तर त्याहून जुना: शिक्षण संपल्यावर विधिपूर्वक स्नान करून घरी परतणारा. या परतण्याला 'समावर्तन' म्हणत.

पोशाख बदलला, शब्द बदलले, जागा बदलली. टिकलं एकच: साक्षीदारांसमोर नाव पुकारणं. माझ्या मते समारंभाचा गाभा तोच.

हे आमच्या गावाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहात इथे गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी होता. स्मारकाच्या दगडावर नावं कोरलेली आहेतच, तरी दरवर्षी त्या दिवशी माणसं जमतातच. नुसत्या कागदावरचं नाव आणि लोकांसमोर घेतलेलं नाव, दोन्हींचं वजन वेगळं.

आता विद्यार्थ्यांची संख्या इतकी वाढलीय, की बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्रं कॉलेजातच समारंभ करून देतात. १८५१ मध्ये जिथून सुरुवात झाली, तिथेच गाडी परत आली म्हणायची! मला हे चांगलं वाटतं. तिथे नाव घेणारा माणूस तुम्हाला ओळखत असण्याची शक्यता तरी असते.

तेव्हा घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर होत असेल, तर कागद पोस्टानं मागवू नका. एक दिवसाची रजा टाका, आई-बाबांना सोबत न्या. ज्यांनी फी भरली, त्यांनी ते नाव एकदा माईकवरून ऐकायला हवं. झगा आवडला नाही तर फोटो काढून लगेच परत करा.