गेजबदल आणि लातूर-नांदेडचा प्रवासी

बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग १९११ मध्ये लातूरला पोहोचला. परंतु मुंबईच्या प्रवाशाला कुर्डुवाडीस गाडी बदलावी लागे. नांदेडच्या मीटरगेज प्रवाशाची तीच गत मनमाडला. लेकरे-सामानासह फलाट बदलणे आणि पुढची गाडी चुकण्याची धास्ती यांपेक्षा एस.टी.चे धक्के सुसह्य. म्हणून येथील प्रवाशास मुळातच बसप्रिय ठरविणे उथळपणाचे होईल. २००८ मध्ये रुंदीकरण पूर्ण होऊन कुर्डुवाडीमार्गे मुंबईची थेट गाडी सुकर झाली. २०१७ मध्ये तीच गाडी बिदरपर्यंत वाढविली, तेव्हा लातूरकरांनी आंदोलन केले. नकोशा गाडीसाठी कोण आंदोलन करील? लातूरहून नांदेडला मात्र रेल्वे अद्यापही परळी-परभणीचा वळसा घेते, अहमदपूर-लोहामार्गे एस.टी.च सरळ पडते.