जातींच्या गोतावळ्याचा येरवड्यातील शोध

एका वर्णात गणल्या जाणाऱ्या जाती एकाच मूळ समूहातून फुटल्या, की निरनिराळ्या समूहांना मागाहून एकच वर्ण लाभला, हा प्रश्न जनुकीय चाचणी अस्तित्वात येण्यापूर्वीच पुण्याच्या येरवड्यातील डेक्कन कॉलेजात हाती घेतला गेला होता. १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलेल्या या कॉलेजात त्याच वर्षी रुजू झालेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी जातीकडे, जिच्या आतच बेटीव्यवहार होतो असा विस्तारलेला गोतावळा म्हणून पाहिले आणि कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आठ ब्राह्मण जातींची शरीरमापे, रक्तगट आदी लक्षणांवरून तुलना केली. दर्जा सारखा असूनही या जाती एकमेकींहून भिन्न निघाल्या. मात्र रक्तगट हे साधन तुटपुंजेच, कारण त्याचे प्रमाण दूरच्या समूहांतही योगायोगाने सारखे भरू शकते.

जनुकीय चाचणीत डीएनएवरील लाखो जागा वाचल्या जातात. पूर्वजांकडून आलेले डीएनएचे पट्टे दर पिढीत तुटून नव्याने जुळतात, त्यामुळे दोन व्यक्तींत जुळणारे पट्टे जितके लांब, तितका समान पूर्वज जवळचा. मिश्र वंशाच्या पट्ट्यांची लांबी मोजून हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधनसंस्थेतील व हार्वर्डमधील संशोधकांनी २०१३ मध्ये असे दाखवले, की बहुतेक भारतीय समूह सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळले आणि बेटीव्यवहाराची कुंपणे त्यानंतर घट्ट झाली. म्हणजे कर्वे यांना दिसलेले वेगळेपण खरे, पण ते मुळापर्यंत पोचणारे नव्हे.

डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातील राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी उत्खनन झाले, तेव्हा हा शोध आणखी मागे गेला. उष्ण हवेत डीएनए सहसा टिकत नाही. तेथल्या सांगाड्यांच्या ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीच्या अवशेषांतून, कानाजवळच्या कठीण हाडातून, वाचण्याजोगा डीएनए मिळाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिच्यात इराणी शेतकऱ्यांच्या पूर्वजांशी दूरचे नाते असलेला आणि दक्षिण आशियातील शिकारी-संकलकांचा असे दोन वंशांश होते. मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा, जो आज अनेक भारतीय समूहांत आढळतो, तो नव्हता. एका सांगाड्यावरून साऱ्या सिंधू संस्कृतीविषयी निकाल देण्याची घाई वृत्तपत्रांनी केली, ती अनाठायीच होती. तिच्यासारखा वंशांश आज उपखंडातील बहुतेक समूहांत कमीअधिक प्रमाणात सापडतो, म्हणून तिचा वारसा एखाद्या कुळाने किंवा जातीने एकट्याचा म्हणून सांगण्यास या चाचणीत आधार नाही.