तळटीप : इंजिनाजवळच्या तारा

* ‘तारांचे जाळे’ : विमानाच्या इंजिनातले तापमान आणि दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या तारा. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले. बघ्यांनी पंख पाहिले. तारा कोण पाहतो!

इंजिन रबरी आधारांवर थरथरते, म्हणून इंजिन आणि चौकट यांच्यामध्ये तारेला थोडी ढील ठेवतात. एक्झॉस्ट पाइपपासून ती दूर हवी; इंधननळीला समांतर न्यावी लागलीच, तर नळीच्या वरून. पकडायला रबरी अस्तराच्या धातूच्या पट्ट्या वापरतात, कारण साधे प्लॅस्टिकचे टाय उष्णतेने ठिसूळ होऊन तुटतात. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलचे प्रकरण आणखी नाजूक : त्याच्या तारेला मध्येच साधी तांब्याची तार जोडली, की दिसणारे तापमान चुकते.