गोधडी, वऱ्हाडातील

गोधडी, वऱ्हाडातील : जुन्या कापडाचे थर एकमेकांवर ठेवून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण. महाराष्ट्रात काही ठिकाणी यास ‘वाकळ’ असेही म्हणतात. ‘कंथा’ या संस्कृत शब्दाचा अर्थ चिंध्यांचे वस्त्र असा असून, बंगालमधील ‘कांथा’ हे नाव त्याच्याशी संबंधित आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) हे त्यांच्या गोधडीवजा वेशामुळे ‘गोधडे महाराज’ म्हणूनही ओळखले जात.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील (चिखली, मेहकर, लोणार इ.) व घाटाखालील (मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव इ.) असे दोन भाग पडतात. कापूस हे या जिल्ह्यातील जुने नगदी पीक. तथापि गोधडीत सामान्यतः पिंजलेला कापूस घालीत नाहीत. तो गादी व रजईत भरतात. शेतातला कापूस विक्रीचा आणि गोधडी मात्र वापरून विरलेल्या कापडाची, असा हा भेद आहे.

कृती व शिक्षण : जुनी लुगडी व धोतरे धुऊन, उसवून त्यांचे थर सपाट जमिनीवर अंथरतात. थर सरकू नयेत म्हणून प्रथम मोठे कच्चे टाके घालतात. नंतर कडेपासून मध्याकडे चौकोनामागून चौकोन, किंवा समांतर ओळींत धावदोरा घालतात. मजबूत काठ कडेला, मऊ कापड अंगाच्या बाजूला व अधिक जीर्ण तुकडे आतील थरांत घालतात. कोणता तुकडा किती ताण सोसेल, हे हाताच्या स्पर्शाने ओळखणे हेच यातील खरे कौशल्य होय. ते लिखित स्वरूपात नव्हते. मुलगी प्रथम सुईत दोरा ओवून देई, पुढे तान्ह्या बाळाचे दुपटे शिवी आणि हात बसल्यावर मोठ्या गोधडीच्या कडेला बसे.

कापडातील बदल : १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदी कापसाची मागणी वाढली. जलंब–खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये खुला झाला. कच्चा कापूस बाहेर जाऊ लागला व यंत्रावर विणलेले कापड आत येऊ लागले. हातसुताच्या जाड कापडाची जागा हळूहळू गिरणीच्या पातळ कापडाने घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, कापडावर सरकारी नियंत्रण आले. अशा टंचाईत जुन्या कापडाचे मोल साहजिकच वाढते.

यानंतरचा मोठा बदल कृत्रिम धाग्यांच्या साड्यांमुळे झाला. हे कापड निसरडे असल्याने थर सरकतात, दोरा ताणला की चुण्या पडतात आणि घाम शोषला जात नाही. त्यामुळे आतील थर सुती ठेवणे, कच्चे टाके दाट घालणे व टाक्यांतील अंतर कमी करणे असे उपाय करावे लागतात. शिवणयंत्रामुळे वेग वाढला. पण जाड थर यंत्राच्या सुईखाली नीट सरकत नाहीत व शिवण कडक होते. म्हणून यंत्रावरील गोधडीस थर कमी घेतात. जुन्या हातांनाही ही कृती अशी नव्याने शिकावी लागली.

सद्यस्थिती : स्वस्त ब्लँकेटांमुळे घरगुती गोधडीची गरज घटली आहे. दुसरीकडे, महाराष्ट्रात बचत गटांतील स्त्रिया विक्रीसाठी गोधड्या शिवतात. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ अशा गटांच्या संघटनाचे काम करते. विक्रीच्या गोधडीत नवे कापड व ठरावीक मापे येतात. त्यामुळे शिवण शिकविता येते, पण जीर्ण कापडाची पारख शिकविण्यास वाव उरत नाही.

गोधडी विरेपर्यंत वापरली जाते व विरल्यावर दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. त्यामुळे तिचे जुने नमुने क्वचितच टिकतात आणि शिवणाऱ्या स्त्रियांची नावेही मागे राहत नाहीत. सुती लुगड्यांवर हात बसलेल्या पिढीकडून ही पारख नोंदवून घेणे, हे या कलेच्या इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.