शब्द आणि खत : शिरूर-भीमथडीतील पुराव्याचा प्रश्न (१८७४-१८७९)

मौखिक संस्कृती सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवते आणि लिखित संस्कृती दस्तऐवजावर, असे सामान्यतः मानले जाते. शिरूर आणि भीमथडी (आजच्या दौंडचा परिसर त्यात मोडत असे) या तालुक्यांतील १८७५ चा शेतकऱ्यांचा उठाव या विभागणीचा फेरविचार करण्यास भाग पाडतो.

मराठा अमदानीत लेखन अपरिचित नव्हते. वतनाच्या तंट्यात गोतसभा भरे, पाटील व बलुतेदार शपथेवर साक्ष देत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटील नांगराची निशाणी करी. कागद होता, परंतु त्याचे प्रामाण्य चारचौघांसमक्ष झालेल्या कथनातून येत असे.

ब्रिटिश दिवाणी न्यायालयांत हा क्रम उलटला. निशाणी केलेले खत निर्णायक ठरले आणि परतफेड केल्याचे तोंडी सांगणे दुबळे पडले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. परिणामी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून पुन्हा नवे खत लिहून घेण्याची रीत बळावली. त्यातील मजकूर निरक्षर कुळाला वाचता येत नसे. भरलेल्या रकमेची पावतीही बहुधा मिळत नसे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारांवर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडीतील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. जमावाचा रोख प्रामुख्याने खते व हिशेबवह्यांवर होता. त्या हाती पडताच जाळल्या गेल्या. खते निमूटपणे दिली गेली तेथे बहुधा मारहाण झाली नाही. ही कृती लेखनाविषयीच्या अज्ञानातून घडली नव्हती. न्यायालय कशावर विश्वास ठेवते, हे रयतेने अचूक ओळखले होते.

१८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयास खतामागील व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्यास सांगितले. त्याचबरोबर ग्रामनिबंधकासमोर दस्त करण्याची व पावतीची तरतूद केली. म्हणजे तोंडी कथनाला पुन्हा स्थान मिळाले आणि लेखनही गावासमोर आले.

तात्पर्य, संघर्ष स्मृती आणि कागद यांच्यातील नव्हता. पुरावा कोण, कोणासमक्ष घडवतो, हा मूळ प्रश्न होता. या रयतेचे म्हणणे आज उपलब्ध आहे तेही मुख्यतः सरकारी चौकशी आयोगाने लिहून घेतल्यामुळेच. म्हणून अभ्यासकाने त्या लेखी साधनालाही हाच प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.